लांबची युद्धे आणि झाडीपट्टीचा मंडप

नागपुरात विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहात १३ मे २०२५ रोजी वीरा साथीदार यांच्या स्मरणार्थ एक कार्यक्रम झाला. साथीदार हे ‘विद्रोही’चे संपादक आणि आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटात त्यांनी लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला. आपल्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, या आरोपाखाली खटल्यात अडकलेल्या म्हाताऱ्या शाहिराची ती गोष्ट. त्या चित्रपटाला २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने साथीदार गेले. त्यांच्या स्मृतिसभेत तरुण कलावंतांनी फैज अहमद फैज यांची ‘हम देखेंगे’ ही नज्म गायली आणि काही दिवसांतच पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. लावलेल्या कलमांत भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ होते. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी असलेले हे कलम आहे आणि त्याची कमाल शिक्षा जन्मठेपेची आहे. गाण्यावरून खटला भोगणाऱ्या शाहिराची भूमिका ज्याने केली, त्याच्याच स्मृतिसभेतले गाणे पोलीस ठाण्यात पोहोचले.

तारीख ध्यानात घ्यायला हवी. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. त्यांतले सहा महाराष्ट्रातले होते. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले, १० मे रोजी गोळीबार थांबला आणि त्यानंतर तीन दिवसांनी ही सभा झाली. देश पाकिस्तानशी लढत असताना पाकिस्तानी कवीचे गाणे म्हटले, हा तक्रारीचा गाभा होता. त्या दिवसांतला लोकांचा राग खरा होता आणि ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने हलके होणारे नाही. कोणाला ते गाणे त्या दिवशी खुपले असेल, तर त्यालाही आम्ही वेडा ठरवणार नाही. पण मनाला खुपणे आणि देशाची अखंडता धोक्यात येणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर राखण्यासाठीच कायदा असतो.

फैज कोण होते? पाकिस्तानच्या सरकारने १९५१ मध्ये रावळपिंडी कटाच्या खटल्यात त्यांना तुरुंगात टाकले, तिथे त्यांची चार वर्षे गेली. ‘हम देखेंगे’ १९७९ सालची, जनरल झिया यांच्या लष्करी राजवटीच्या काळातली. पुढे १९८६ मध्ये लाहोरात इक्बाल बानो यांनी काळी साडी नेसून ती हजारोंच्या सभेत गायली, त्यातली साडीसुद्धा झियांच्या फर्मानांना दिलेले उत्तर होती. म्हणजे पाकिस्तानातल्या हुकूमशहांना जी नज्म सलत आली, ती नागपुरात गायली म्हणून भारताविरुद्धचे कृत्य ठरवली जात आहे. शत्रुदेशाच्या सत्तेला आव्हान देणारा कवी केवळ त्याच्या पारपत्रावरून शत्रू मानायचा असेल, तर त्या देशातल्या ज्या माणसांनी लष्कराविरुद्ध उभे राहून मार खाल्ला, त्यांना आपण आपल्या हाताने लष्कराच्याच पंगतीत नेऊन बसवतो.

आता कायद्याकडे येऊ. ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेले राजद्रोहाचे कलम १२४-अ सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित ठेवले. नव्या न्याय संहितेत त्याचे नाव राहिले नाही, पण कलम १५२ आले. शब्दांनी, खुणांनी, दृश्य सादरीकरणाने फुटीर किंवा विध्वंसक कारवायांना चिथावणी देणे असा त्याचा आवाका. याच काळात, २८ मार्च २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातेत दाखल झालेला गुन्हा रद्द केला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या या निकालात पोलिसांसाठी नेमकी वाट आखून दिली आहे. तीन वर्षे वा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करता येते, आणि बोलण्या-लिहिण्यावरून गुन्हा नोंदवताना ती करणेच योग्य, असे न्यायालयाने सांगितले. नागपूरची घटना त्यानंतर अवघ्या दीड महिन्यातली. त्यात लावलेल्या कलमाची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, म्हणून कायद्याच्या अक्षरानुसार ती चाळणी तिथे लागूच होत नाही. कलम जितके जड, तितकी आधीची तपासणी कमी, असा उलटा परिणाम होतो. गाण्यासाठी जड कलम वापरण्याचा मोह यातूनच वाढतो, आणि ही फट बुजवली पाहिजे.

त्या निकालातली आणखी एक गोष्ट आम्हा पूर्व विदर्भातल्या लोकांना जवळची वाटायला हवी. शब्दांचा परिणाम मोजायचा कोणत्या मापाने? जो दुबळ्या, डळमळीत मनाचा आहे आणि ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकट दिसते, त्याच्या मापाने नव्हे. विवेकी, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने नव्याने बनवलेले नाही. ते नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात मांडले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी, चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर हा त्या प्रांताचा जिल्हा आणि आज गडचिरोलीत असलेले आमचे आरमोरी तेव्हा चांदा जिल्ह्यातले गाव. देश अजून गुलामीत होता, फाळणीचे ढग जमत होते, दंगलींनी गावे पेटत होती. अशा वेळी एका न्यायाधीशाने सामान्य वाचकावर एवढा विश्वास टाकला. पुढे १९८८ मध्ये भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानींची ‘तमस’ ही मालिका बंद पाडण्याची मागणी झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच माप लावले आणि फाळणीच्या हिंसेचे ते चित्रण दूरदर्शनवर दिसू दिले. २०२५ मध्येही तेच माप लागले. आपल्याच प्रांतात घडलेली ही कसोटी आपल्याच प्रांतातल्या पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी का आठवू नये?

परदेशी युद्धावर इथे बोलूच कशाला, हा दुसरा आक्षेप. गाझातल्या संहाराविरुद्ध मुंबईच्या आझाद मैदानावर निदर्शने करण्यासाठी परवानगी मागितली गेली, ती पोलिसांनी नाकारली, आणि डावे पक्ष उच्च न्यायालयात गेले. २५ जुलै २०२५ रोजी याचिका फेटाळताना न्यायालयाने तोंडी सुनावले, की देशात कचरा, सांडपाणी, पूर असे प्रश्न असताना हजारो मैलांवरच्या प्रश्नांवर कशाला, आपल्या देशाकडे पाहा. पुढे ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली आणि निदर्शने झाली. म्हणजे व्यवहारात मार्ग निघाला, पण आधीचा विचार हवेत राहिला आणि तो आज पुष्कळांच्या तोंडी आहे. न्यायालयाविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो, की हा विचार बरोबर नाही.

आरमोरीच्या धानाच्या बांधीत उभे राहून पाहा. रोवणीच्या वेळी जे पोटॅश लागते, ते भारत जवळजवळ सगळे बाहेरून आणतो. रशिया, बेलारूस, कॅनडा आणि मृत समुद्राच्या दोन्ही काठांवरचे इस्रायल व जॉर्डन, ही त्याची ठिकाणे. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, खतांचे भाव भडकले आणि त्या वर्षात केंद्राचे खत-अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेले. जुलै २०२३ मध्ये जगातल्या धान्यटंचाईच्या धास्तीने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली, ती सप्टेंबर २०२४ पर्यंत सुटली नाही. इथल्या शेतकऱ्याला आणि गिरणीवाल्याला त्या दोन हंगामांचा भाव अजून पाठ असेल.

युद्धाचे साहित्यही आपल्याच आसपास तयार होते. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला दुसरा. जवाहरनगरच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. भद्रावतीचा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे आणि ही कंपनी परदेशांनाही माल विकते. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली, की भारतीय बनावटीचे तोफगोळे युरोपातल्या ग्राहकांमार्फत युक्रेनपर्यंत पोहोचले. परराष्ट्र मंत्रालयाने ती बातमी तर्कावर बेतलेली म्हणून फेटाळली. देशाच्या संरक्षणासाठी हे कारखाने लागतात, त्यातल्या कामगारांचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्या जिल्ह्यात तोफगोळे भरले जातात, त्या जिल्ह्यातल्या माणसाने ते कुठे फुटतात हे विचारू नये, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

आणि माणसांचे धागे तर आहेतच. कोकणातून गेलेले बेने इस्रायली आज लोद, रामला, डिमोना, अश्दोद अशा गावांत राहतात, त्यांच्यात मराठी अजून बोलली जाते आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिथून निघत आले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ नंतरच्या भोंग्यांत आणि क्षेपणास्त्रांत तीही घरे होती. गाझातल्या मुलांसाठी हळहळणे आणि अश्दोदच्या मराठी म्हातारीची काळजी करणे, दोन्ही एकाच मनात मावते. ते मावावे म्हणूनच कला लागते. राजकीय ठरावात एक बाजू घ्यावी लागते, नाटकात दोन्ही बाजूंची आई रंगमंचावर आणता येते.

मराठी शाहिरीला तर लांबच्या युद्धाचे वावडे कधीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. व्होल्गा त्यांनी तेव्हा पाहिली नव्हती, रशियाला ते १९६१ मध्ये गेले. त्याच अण्णा भाऊंनी बंगालच्या दुष्काळावर लिहिले आणि मुंबईच्या गिरणगावावरही लिहिले. स्टालिनग्राडकडे पाहताना त्यांची माटुंग्याच्या चाळीकडे पाठ झाली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदी घातली, तेव्हा त्यांनी लोकनाट्याचा घाट घेतला आणि पुढे चालले. बंदी घालणारे आदेश आज अभिलेखागारात आहेत, पोवाडा लोकांकडे आहे.

हा प्रश्न आम्ही मुंबई-नागपूरचा म्हणून सोडून देऊ शकत नाही, कारण झाडीपट्टी ही नाटकावर जगणारी भूमी आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग. दिवाळी आटोपली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की मंडई भरते, शंकरपट लागतो आणि रात्री नाटक. आरमोरीपासून जवळच्या वडसा देसाईगंजात नाट्यमंडळांची कार्यालये ओळीने आहेत, गावोगावची मंडळे तिथे येऊन तारखा ठरवतात. लेकी-जावई नाटकासाठी माहेरी येतात, सोयरिकी याच रात्रींत जुळतात. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो आणि कोंबडा आरवेपर्यंत प्रयोग चालतो. त्याआधीपासून इथे दंडार आहे, खडी गंमत आहे. खडी गंमतीतला शाहीर आयत्या वेळी गावच्या पुढाऱ्यापासून दिल्लीपर्यंत कोणालाही चिमटा काढतो आणि ज्याला चिमटा बसला तोही समोर बसून हसतो. २०२३ मध्ये कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा देशाने या परंपरेला नमस्कार केला.

पण या परंपरेचा कायदेशीर पाया किती कच्चा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुस्तक छापायला आधी कोणाची परवानगी लागत नाही. चित्रपटाला केंद्राचे प्रमाणपत्र लागते. नाटकाला महाराष्ट्रात, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खालच्या नियमांनुसार, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता तपासून घ्यावी लागते. याची मुळे परक्या राज्यात आहेत. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा ब्रिटिशांनी सत्तेविरुद्धच्या नाटकांना लगाम घालायला आणला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तला कीचक प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन म्हणून ओळखला आणि १९१० मध्ये ते नाटक बंद झाले. तो १८७६ चा कायदा केंद्राने २०१८ मध्ये रद्द केला, संहिता आधी दाखवण्याची आपली राज्याची सक्ती मात्र राहिली. २०१६ मध्ये अमोल पालेकर या सक्तीविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. आमचे मत त्यांच्या बाजूचे आहे. प्रयोगाने कोणाचे नुकसान केले तर त्याची दाद मागायला न्यायालय आहे. प्रयोगाआधीच मान तुकवायला लावणे लोकशाहीत शोभत नाही.

झाडीपट्टीत तर आणखी एक गाठ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. शासन वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. आमची नाटके सुरूच होतात दहानंतर. नियम अक्षरशः लावला तर झाडीपट्टीतला एकही प्रयोग उभा राहणार नाही. तो उभा राहतो तो पोलीस आणि प्रशासनाच्या समजूतदारपणावर, आणि इथल्या बहुतेक अधिकाऱ्यांनी तो समजूतदारपणा दाखवला आहे, हे कृतज्ञतेने नमूद करतो. पण ज्याची प्रत्येक रात्र दुसऱ्याच्या मर्जीवर उभी आहे, तो नाटककार वादाच्या विषयाला हात लावताना दहादा विचार करील. सासू-सून, हुंडा, दारू, सीमेवरचा सैनिक, हे विषय चालतात. खाण, विस्थापन, वाघ आणि जंगल, युद्धाचा धंदा, हे विषय त्याच्या मनातच राहतात. कोणी बंदी घातलेली नसते, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

आणि आता आमच्या दारातला संघर्ष. परदेशी युद्धाबद्दल आम्ही एवढे बोललो, पण गडचिरोलीने चार दशके हिंसा आपल्या अंगणात पाहिली आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांचा चालक गेला. खबऱ्या म्हणून किती आदिवासींना माओवाद्यांनी मारले, याची आठवण गावागावांत आहे. त्यांच्या पथकांनी गाणी आणि नाच भरतीसाठी वापरले, हेही खरे आहे. नाट्यमंच हा त्यांच्या संघटनेचा रीतसर भाग होता. म्हणून सरकारला कलापथकांबद्दल शंका येते तेव्हा ती हवेतून आलेली नसते, एवढे मान्य केल्याशिवाय इथे कोणी या विषयावर प्रामाणिकपणे लिहू शकणार नाही.

पण शंकेचा कायदा झाला की तो कुठवर पसरतो, हेही पाहावे लागते. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. नागपूरच्या त्या स्मृतिसभेत ज्या विषयावर व्याख्यान होते, तो विषय हाच. संयुक्त समितीने त्याचा रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या आणि तत्सम संघटनांपुरता आणला, ही सुधारणा स्वागतार्ह. तरीही बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बोललेले वा लिहिलेले शब्द, खूण आणि दृश्य सादरीकरण आहे, आणि प्रस्थापित कायद्याच्या व त्याच्या संस्थांच्या अवज्ञेला उत्तेजन देणेही आहे. मिठाचा सत्याग्रह आणि जंगल सत्याग्रह दोन्ही या शेवटच्या वाक्यात बसतात. बंदूक उचलणाऱ्यासाठी, त्याला पैसा पुरवणाऱ्यासाठी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा (यूएपीए) आधीपासून होताच. तो कसा वापरला गेला, याचा अनुभवही आहे. कबीर कला मंचाचे सचिन माळी आणि त्यांचे साथी २०१३ मध्ये तुरुंगात गेले आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा तीन वर्षांहून जास्त काळ खटल्याच्या निकालाविना गेला होता. २०२२ च्या डिसेंबरात कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने काढून घेतला. ते पुस्तक तेव्हा दुकानात खुलेआम मिळत होते आणि आजही मिळते. मग पुरस्कार काढून घेतल्याने सुरक्षा कुठे वाढली?

कलास्वातंत्र्याची ही मागणी एकाच रंगाची नाही. प्रदीप दळवी यांच्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकाला १९९८ मध्ये राज्य सरकारने रोखले. गांधींच्या खुन्याची बाजू मांडणारे ते नाटक आम्हाला पटत नाही. पण ती बंदी पुढे उच्च न्यायालयात टिकली नाही, ते योग्यच झाले. त्याला उत्तर द्यायचे ते दुसऱ्या नाटकाने आणि लेखाने. आज फैजवर गुन्हा नोंदवा म्हणणारे आणि तेव्हा दळवींवर बंदी घाला म्हणणारे, दोघेही प्रेक्षकाला न्या. बोस यांच्या त्या दुबळ्या, डळमळीत माणसाच्या जागी बसवतात. झाडीपट्टीचा प्रेक्षक तसा नाही. रात्रभर थंडीत बसून तो खलनायकाला शिव्या देतो, नायिकेसाठी रडतो आणि पहाटे उठून बैल सोडायला जातो. नाटक आणि जगणे यांतला फरक त्याला कोणी शिकवायची गरज नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. पोलीस दलाच्या आणि इथल्या जनतेच्या सहनशीलतेचे ते मोठे यश आहे. बंदूक मागे हटत असताना शब्दांवरचा पहारा सैल करण्याची हीच वेळ आहे. त्यासाठी तीन गोष्टी राज्याच्या हातात आहेत आणि त्यांना फार खर्चही नाही. गाणे, कविता, नाटक वा चित्रावरून कलम १५२ किंवा जनसुरक्षा कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी, शिक्षा कितीही मोठी असो, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितली तशी प्राथमिक चौकशी पोलीस अधीक्षकांच्या पातळीवर सक्तीची करावी, असे परिपत्रक गृह विभागाने काढावे. नाटकाची संहिता आधी तपासण्याची सक्ती रद्द करून तिच्या जागी स्वेच्छेची नोंदणी आणावी. आणि झाडीपट्टीच्या हंगामापुरती ध्वनिक्षेपकाची वेळ आणि मर्यादा ठरवून देणारी स्वतंत्र तरतूद, गरज पडल्यास केंद्राकडे पाठपुरावा करून, मिळवावी. म्हणजे प्रयोग कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. वडशाच्या मंडळांच्या तारखा पावसाळा संपता संपता ठरू लागतात. निर्णय त्याआधी झाला, तर येत्या हंगामातला लेखक नवी संहिता लिहायला बसताना त्यावर विसंबू शकेल.